कार्डावर नसलेली गाडी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नव्या नियमाचं कार्ड मिळालं! प्लास्टिकमध्ये घातलेलं, गळ्यात अडकवायला दोरीसकट. एका बाजूला माझा फोटो, खाली "दीपाली, वाहतूक मदतनीस". फोटोत मी अशी दिसते की मलाच कुणीतरी दंड लावलाय. दुसऱ्या बाजूला यादी — थांबण्यास मनाई असलेल्या रस्त्यावर सूट असलेली वाहने.

आजपासून स्टँड ते चावडी, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, एकही गाडी थांबायची नाही. जायला बंदी नाही. थांबायला आहे. ज्याला थांबायचंय त्यानं शाळेमागच्या मैदानात जावं. मैदान इथून चारशे पावलांवर आहे, पण लोकांची तोंडं बघून वाटतं की मी त्यांना पार कर्नाटकात पाठवतेय.

यादी पाठ केली. रुग्णवाहिका. आगीचा बंब. पोलीस. शववाहिका. पाण्याचा टँकर. कचरागाडी. वीजदुरुस्तीची गाडी. दुधाची गाडी, पण नऊच्या आत. अपंगांचा स्टिकर असलेली गाडी. आणि "सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी असलेले वाहन" — हे शेवटचं प्रत्येकाला आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटतं.

धनाजीला फोनवर यादी वाचून दाखवली. तो जहिराबादच्या पुढं कुठंतरी ढाब्यावर होता. म्हणाला, "ट्रक न्हाय का त्यात?" म्हटलं नाही. "मग म्या घरला कसा यावा?" नवरा ट्रक चालवतो आणि बायको गाड्या हाकलते. अख्ख्या गावाला हसायला कारण!

५ नोव्हेंबर, बुधवार

आजची कारणं लिहून ठेवते, नाहीतर पुढं कुणाला खरी वाटणार नाहीत.

एकजण — गाडीत नवरदेव आहे. नवरदेव खरंच होता, झोपलेला. दुसरा — साहेब आत बसलेत, कोण साहेब ते सांगता येत नाही. तिसऱ्यानं बोनेटवर खंडोबाचा फोटो चिकटवलेला, म्हणे देवाची गाडी आहे. मी म्हटलं, अणदूरचा खंडोबासुद्धा नळदुर्गला जायचा तर गावकऱ्यांत रीतसर करार होतो, तुमच्याकडं कागद आहे का? लोक हसले. तोही हसला आणि गेला.

मजा आली, खोटं कशाला बोलू. माकणीला लहानपणी मेंढरं हाकली आहेत. ती तरी शिट्टीला घाबरत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज खाल्ली बोलणी. भर रस्त्यात.

दुपारी एक पांढरी कार थांबली. "बायको गरोदर हाय ताई, चक्कर आली, पाच मिनिटं." बाई खरंच पोटुशी. मी म्हटलं, थांबा. पाणीसुद्धा दिलं माझ्या बाटलीतलं. पाच मिनिटांची पंचेचाळीस झाली. बाई साड्यांच्या दुकानातून तीन पिशव्या घेऊन हसत बाहेर आली. तोवर मागं चावडीपर्यंत गाड्या तुंबलेल्या आणि नेमके आमचे वाहतूक शाखेचे साहेब मोटारसायकलवर त्यातच अडकलेले!

"कार्डावर गरोदर बाई लिहिलंय का?"

"नाही साहेब."

"मग? गाडी बघायची. आतला माणूस बघायचा नाही. माणूस बघत बसलीस तर सगळ्याच गाड्या सुटतील. पुन्हा झालं तर मला दुसरी बघावी लागेल."

दुसरी गाडी नव्हे, दुसरी दीपाली. आठ महिन्यांपूर्वी माकणीहून इथं आले, ते याच कामासाठी. दहा जणींतून निवडली होती. लाज वाटली, आणि त्या बाईचा असा राग आला की ते माझं पाणी तिला पचू नये असं मनात आलं. पोटातल्या लेकराची नंतर मनातच माफी मागितली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकही गाडी थांबू दिली नाही. एकही!

९ नोव्हेंबर, रविवार

महांतप्पा मेडिकलवाले मला "कलेक्टर" म्हणायला लागलेत. त्यांचं दुकान दवाखान्याच्या जिन्याखाली, माझी उभी राहायची जागा त्यांच्या पायरीसमोर. माणूस चांगला आहे, उन्हात खुर्ची देतो. पण गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये काहीतरी बोलतात आणि दोघं माझ्याकडं बघून हसतात. इथल्या बाजारात निम्मी माणसं कन्नड बोलतात आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय ओ, तुमचं कौतुकच करायलोय." कौतुक असं तोंड लपवून करतात होय?

११ नोव्हेंबर, मंगळवार

डोकं उठलंय. मंगळवार, बाजाराचा दिवस. रस्ता कसला, दावणीच दावणी.

साडेअकराला एक जीप नेमकी दवाखान्याच्या जिन्यासमोर येऊन थांबली. चालवणारा तिशीतला. उतरला तोच, "ताई, अप्पाला लई तरास व्हायलाय. पाच मिनिटं फक्त."

पाच मिनिटं! हे दोन शब्द ऐकले की आता माझं टाळकं सटकतं. पुढच्या सीटवर म्हातारा. ताठ बसलेला. कपाळभर विभूती, खांद्यावर घडीचं उपरणं, गळ्यात लिंग. आजारी माणूस आडवा असतो. हा तर लग्नाला निघाल्यासारखा.

मी म्हटलं, रुग्णवाहिकेनं आणायचं होतं, तिला सूट आहे. म्हणाला, "तिची वाट बघत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती, ताई." म्हटलं, मग गाडी मैदानात लावा आणि तिथून चाकाच्या खुर्चीवर आणा. तो जिन्याकडं पळाला, वरून खुर्ची आणायला. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे.

तो वर गेला आणि इकडं म्हातारा दार उघडायला लागला. मी दारावर हात ठेवला. एकदा का पाय खाली टेकला की गाडी अर्धा तास हलत नाही, हे मी त्या पोटुशीकडून शिकलेय. म्हातारा माझ्याकडं बघून म्हणाला, "बिडी."

मी म्हटलं, काय?

"बिडी, यव्वा." अगदी बारीक आवाजात.

बिडी! आधी हसू आलं, मग राग. दवाखान्याच्या दारात येऊन बिडीची तलफ! म्हटलं, "आजोबा, आधी गाडी हलू द्या, मग ओढा बिडी."

पोरगा परत आला तो मोकळ्या हातानं, खुर्ची दुसऱ्या कुणाला घेऊन गेलेली. तोवर मागं तीन टमटम आणि उसाची ट्रॉली अडकलेली, सगळ्यांचे हॉर्न. मी शिट्टी वाजवली. वळवा! त्यानं माझ्याकडं बघितलं. बघतच राहिला. मग गाडी घेऊन गेला.

साहेब पलीकडून जात होते. त्यांनी मान डोलावली. बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तो म्हातारा वारला. कालच. मैदानात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल एका ओळीवरच थांबले. आज लिहिते.

महांतप्पांनी सांगितलं. काल खुर्ची दिली नाही, कलेक्टरही म्हणाले नाहीत. काउंटरवरच्या गोळ्यांकडं बघत म्हणाले, "कालची जीप. आमच्यातलेच ते, माणिकप्पा. अणदूरच्या अलीकडं वाडी हाय, तिथले. पोरानं मैदानात गाडीतनं उचलून घेतलं, आन हातातच लिंगैक्य झाले." लिंगैक्य म्हणजे गेले, एवढं कळलं मला.

मी काय म्हणाले माहितेय? म्हणाले, "पण ते तर बिडी मागत होते हो!"

त्यांनी ऐकलं नाही. गिऱ्हाईक होतं पुढं.

खरंच बिडी मागत होते. ज्याला बिडी सुचते तो माणूस मरायला टेकलेला असतो का? माझा बाप शेवटचे पंधरा दिवस पाणीसुद्धा नको म्हणायचा. म्हणजे त्याला फार काही होत नव्हतं. नंतर अचानक झालं असणार. मैदानात झालं असणार. चारशे पावलांत काय होतं एवढं?

हे मी सकाळपासून दहा वेळा स्वतःला सांगितलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हिडिओ फिरायला लागलाय. अठरा सेकंदांचा. समोरच्या दुकानातून कुणीतरी काढलेला. आवाज नाही, नुसते हॉर्न. माणिकप्पा नीट दिसतच नाहीत, काचेवर ऊन आहे. दिसतो तो माझा हात. दारावर. बांगड्या, घड्याळ, सगळं स्पष्ट.

खाली लिहिलंय — हीच का ती सूट?

धनाजीला कुणीतरी जहिराबादेत दाखवला. फोन आला. मला वाटलं, धीर देईल. तो म्हणाला, "मागल्या साली मला घाटात छातीत कळ आली हुती. ट्रक रस्त्याच्या मधीच उभी केली. मागं रांग लागली, पर कुणी हॉर्न न्हाय वाजवला. पाणी दिलं. मनून बोलायलोय तुज्याशी."

हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी रडले. तो म्हणाला, "रडू नगं, जेव." जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांनी बोलावलं. चौकशी लागलीये, २४ तारखेला. आवाज गोड काढला होता, तेव्हाच समजले.

"जबाब लिही. साधा. गाडीत रुग्ण आहे हे मला सांगितलं नाही — बस. एक ओळ."

"पण सांगितलं होतं साहेब. मुलानं सांगितलं."

"कुणी ऐकलं? व्हिडिओत आवाज आहे का? तुझी नोकरी राहील, माझंही निभेल. रुग्णवाहिका नव्हती, कार्डावर नव्हती, तू नियम पाळलास. चुकलं कुठं?"

चुकलं कुठं? मलाही तेच हवंय, कुणीतरी नेमकं सांगावं. कागद पुढं सरकवला त्यांनी. मी म्हटलं, घरून लिहून आणते. खोटं लिहायचं म्हणजे डोकं शांत पाहिजे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दोन जबाब लिहिले. एक साहेबांचा, एका ओळीचा. एक माझा, दोन पानांचा. माझ्यात सगळं लिहिलं — पोरगा काय म्हणाला, हात कुठं होता, म्हाताऱ्यानं बिडी मागितली, मी काय उत्तर दिलं. दोन्ही पर्समध्ये ठेवलेत. कुठला द्यायचा माहीत नाही.

घाबरलेय. नोकरी गेली तर पुन्हा माकणी. धरणाच्या पाळीवर म्हशी राखणाऱ्या बायका विचारतील, काय गं, काढून टाकलं व्हय? त्याची भीती आहे. आणि दुसरी भीती अशी आहे की नोकरी राहील.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुट्टी. त्यांच्या वाडीला जाऊन आले.

टमटममधून उतरले. वर्दी नव्हती अंगावर, साधी साडी. घर विचारलं. ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत बसलेली, हात रिकामे राहवत नसतील म्हणून. मी म्हटलं, मी ती. व्हिडिओतली.

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. आधी हाताकडं. मग म्हणाली, "बस."

सिद्धम्मा नाव. आत हाक मारली नाही कुणाला, ओरडली नाही. पाणी आणून दिलं. मी तांब्या तसाच ओट्यावर ठेवला. मी माफी मागायला सुरुवात केली, तर हात वर करून थांबवलं.

"त्ये ऱ्हाऊ दे. मला येकच सांग. शेवटाला काय बोलले का? पोरगं म्हंतं, मैदानात बोललेच न्हाईत. तू दाराशी हुतीस. तुज्याशी काय बोलले असले तर सांग. पन्नास वर्सं झाली लग्नाला. मला तेवढं पायजे."

मला वाटलं, हे तरी देता येईल हिला. बिचारीला बरं वाटेल — शेवटपर्यंत हुशारीत होते, तलफ आली होती. मी म्हटलं, "मावशी, बिडी मागितली त्यांनी."

"बिडी?"

"हो. दोनदा."

ती हसलीच जवळजवळ. "आगं, आमच्या ह्यांनी जन्मात तोंडाला लावली न्हाय. बिडीवाला शेजारी बसला तर उठून जायचे." मग तिचं तोंड बदललं. सूप खाली ठेवलं. "कसं म्हणले? म्हणून दाव. हाय तसं."

मी म्हणून दाखवलं. बिडी. बिडी, यव्वा.

ती तुरीकडं बघत होती. मग म्हणाली, अगदी सावकाश, लहान पोराला शिकवावं तसं —

"बिडी न्हवं, बाई. बिड्री. आमच्या कन्नडात बिड्री म्हंजी सोडा. सोडा, आई — आसं म्हणले त्ये तुला."

मी हात दारावर ठेवला होता. ते म्हणत होते सोडा. आणि मी म्हटलं, मग ओढा बिडी.

मी काय केलं आठवत नाही नीट. बहुतेक तिचे पाय धरले. तिनं सोडवले. मी पर्समधून दोन पानांचा कागद काढला, म्हटलं, मी खरं लिहून देते, सगळं, हा शब्दसुद्धा. मला काढू द्या, कोर्टात नेऊ द्या, काय ते होऊ द्या. तिनं कागद हातात घेतला, वाचता येत नाही तिला, पण घडी घालून परत माझ्या पर्समध्ये घातला.

"विरेश कुठं हुता तवा? माझा पोरगा?"

"वर गेले होते. खुर्ची आणायला."

"त्येनं न्हाय ऐकलं?"

"नाही मावशी."

"मंग बरं." तिनं जोरात श्वास सोडला. "नऊ दिस झाले, पोरगं जेवत न्हाय. म्हंतंय, म्या गाडी तिथंच सोडायची हुती, बापाला खांद्यावर घालून जिना चढायचा हुता, कामून वळवली गाडी. त्येला ह्यो शबुद कळला तर त्यो जगंल का? तू खरं बोलून मोकळी हुशील, बाई. आन माझं पोरगं?"

ती म्हणाली, मी बघते काय बोलायचं ते, तू फक्त गप बस. मी हो म्हटलं.

निघताना तिनं डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा मारलं असतं तर चाललं असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बिड्री. सगळीकडं आहे हा शब्द! भाजीवाली गर्दीतून वाट काढताना — बिड्री, बिड्री. एक बाई मुलाचा हात सोडवताना. महांतप्पा वाद मिटवताना, हात झटकून — बिड्री. सकाळपासून बारा वेळा ऐकला. आठ महिने हा माझ्या कानांवरून जात होता आणि मी त्याला आत येऊ दिलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एक रिक्षा थांबली. आत बाई, मांडीवर तापलेलं पोर. कार्डावर नाही. मी स्वतः पोर उचलून जिना चढले, रिक्षा खाली तशीच. साहेबांनी बघितलं असेल तर बघू दे.

खाली आल्यावर रिक्षावाला म्हणाला, "त्या दिवशी कुठं हुतीस गं बाई?"

२४ नोव्हेंबर, सोमवार

झाली चौकशी.

टेबलापलीकडं तिघे, मधल्या बाई जिल्ह्याहून आलेल्या. इकडं मी, शेजारी साहेब. भिंतीला लागून सिद्धम्मा आणि विरेश. विरेश वाळलाय, सदरा अंगावर लोंबतोय. वर बघत नव्हता.

बाईंनी विचारलं, तुमची तक्रार काय आहे? सिद्धम्मा उभी राहिली, पदर सावरला आणि असं स्पष्ट बोलली की टाईप करणाऱ्याला थांबवावं लागलं नाही.

"तकरार न्हाय. माझे मालक घरातच गेले हुते, बाई. सकाळीच. आमच्यात माणूस गेला की आडवा ठेवत न्हाईत, बसवत्यात. म्या बसवलं, इबूत लावली. पोराला पटंना. अजून ऊब हाय म्हणलं, आन तसंच बसवून गाडीत घेऊन गेलं. ह्या पोरीनं गाडी वळवली, तवा गाडीत कुणी न्हवतंच. मढं हुतं."

साहेबांचा चेहरा — देवच भेटला जणू! बाईंनी विरेशला विचारलं, हे खरं आहे? त्यानं आईकडं बघितलं. मग म्हणाला, "आई सांगते त्ये खरं." त्याचे खांदे खाली आले. मला वाटलं, चला, त्याच्या डोक्यावरचं उतरलं. म्हातारीनं केलं जे करायचं होतं.

मग बाई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही दाराजवळ होतात. रुग्ण काही बोलला?"

पर्स मांडीवर होती. दोन पानं आत होती. सिद्धम्मा समोर बघत होती, माझ्याकडं नाही.

"नाही, मॅडम."

सही केली. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, बघ, म्हणत होतो ना. मी पर्स बंद केली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कार्डं परत मागवली. खाली नवी ओळ येणार — अकरावी. "रुग्णास उतरवण्यासाठी थांबलेले कोणतेही वाहन." किती वेळ, ते लिहिलेलं नाही. महांतप्पांनी पुन्हा खुर्ची दिली. म्हणाले, "तुमच्यामुळं झालं बघा हे, चांगलं झालं." मी बसले नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सुटले. नोकरी राहिली. रोज सकाळी वर्दी चढवते, रोज त्याच पायरीसमोर उभी राहते. कुणी काही बोलत नाही आता. व्हिडिओसुद्धा थंडावला, दुसऱ्या कुणाचा तरी आलाय.

धनाजी दोन दिवस घरी होता. त्याला सगळं सांगावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलं. पण त्या म्हातारीला शब्द दिलाय. निदान विरेश तरी जेवत असेल. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे गिळलंय.

२ डिसेंबर, मंगळवार

विरेश आला होता. पायी, जीप मैदानात लावून. महांतप्पांकडून आईच्या गोळ्या घेतल्या आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, त्या दिवशी चौकशीत तुम्ही काय बोलला न्हाईत, त्ये बरं केलं. आईला आता खरंच वाटायलंय, अप्पा घरातच गेले. तसंच वाटू द्या तिला."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्या वर गेलो न्हवतो अजून. पयल्या पायरीवर हुतो, तुमच्या पाठीमागं. अप्पा बिड्री म्हणले, म्या ऐकलं. दोनदा. मला वाटलं, तुमाला कळलं. तुम्ही सोडताल त्यांना. मनून वर पळालो."

मग गोळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आईला तेवढं कळू दिऊ नका."

मी बरं म्हटलं.